बाम पाजणारी खाला

सालेहाबीचा सगळा वैताग त्या नावाचा होता.

तिचा भाऊ वकार नांदेडला रोपवाटिका चालवायचा. एका ईदेला येताना त्यानं तिच्यासाठी कुंडी आणली. पानं पुदिन्यासारखी, पण चुरगाळली की वास लिंबाचा. नाव लेमन बाम.

"पाल्याला बाम कोण म्हणतं रे?" सालेहाबीनं विचारलं.

"इंग्रजी नाव हाय आपा. मी थोडंच ठेवलं?"

तेव्हापासून कुणी ना कुणी गच्चीवर येऊन डोकेदुखीसाठी पानं मागायचं. शेजारची नीलाबाई तर मूठभर पाला गुडघ्याला चोळून गेली आणि दोन दिवसांनी फरक न्हाई म्हणून सांगायला आली. सालेहाबी प्रत्येकाला समजावून सांगायची, की हा तो बाम नव्हे. याची पानं गरम पाण्यात टाकायची, वर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळानं ते पाणी गाळून प्यायचं. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन दूध, साखर, अद्रक घालून खळाखळा उकळायचे. मग म्हणायचे, चव तर काहीच नाही.

तिला मात्र ते पाणी मानवलं होतं. भूकंपाच्या वर्षी ती नवी नवरी म्हणून लातूरला आली होती. त्यांचं घर पडलं नव्हतं, पण त्या पहाटेपासून शेजारच्या पत्र्यावर मांजरानं उडी मारली तरी ती उठून बसायची. तरुणपण असंच दचकण्यात गेलं. हा चहा घेतल्यावर लगेच डोळा लागायचा असं नाही, पण जीव थाऱ्यावर यायचा.

नवरा वारल्यावर तिनं वरच्या मजल्यावरच्या खोल्या शिकवणीला येणाऱ्या पोरींना भाड्यानं दिल्या. पोरी तिला खाला म्हणायच्या. त्यांतली एक महामाया, देवणीची. वडील साहेबराव पंचायत समितीत लिपिक, आई केवळाबाई अंगणवाडीत. घरात डॉक्टर होणारी ही पहिलीच, असं साहेबरावांनी खोली बघायला आले त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

महामायाला एक खोड होती. गणित अडलं की ती ओठ चावायची. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तसे तिचे ओठ फुटले. त्यावरही ती चावतच राहिली. एक दिवस भाकरीचा घास घेताना तिच्या ओठातून रक्त आलं आणि सालेहाबीचं डोकं फिरलं.

"अगं, ते पुस्तक खा त्यापेक्षा. ओठानं काय केलंय तुझं?"

"आपोआप होतं खाला."

सालेहाबीनं तिच्यासाठी मलम करायला घेतलं. पहिल्या खेपेला ओली पानंच करडईच्या तेलात टाकली. चार दिवसांत बरणीत बुरशी. तेल गेलं, पानं गेली, ती स्वतःवरच चिडली. दुसऱ्या खेपेला पानं सावलीत कुरकुरीत वाळवली, तेलात मुरवली, गाळली आणि मधमाशीचं मेण वितळवून त्यात घातलं. मेण जास्त झालं आणि मलम मेणबत्तीसारखं घट्ट बसलं. तिसऱ्या वेळी जमलं. काजळाच्या रिकाम्या डबीत भरून तिनं ते महामायाला दिलं. पोरीनं ते लावलं आणि लिंबाचा वास येतो म्हणून चाटून टाकलं.

"खायला न्हाई दिलं," सालेहाबी म्हणाली. तिला रडावं की हसावं ते कळेना.

पण ओठ हे वरवरचं दुखणं होतं. पोरगी झोपतच नव्हती. चाचणीत मार्क कमी आले, की वडील फोनवर म्हणायचे, बाकीची पोरं दोन वाजेपर्यंत वाचतात. मग ही तीन वाजेपर्यंत वाचायची आणि सकाळी वर्गात पेंगायची. पुन्हा मार्क कमी. शेवटी सालेहाबीनं तिला विचारलं, कसली औषधं चालू आहेत का. नाही म्हणाली, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर कपभर तो चहा द्यायला सुरुवात केली. आणि कप ठेवला की दिवा बंद करायला लावायची. चहापेक्षा दिव्याचाच गुण असावा, पण पोरगी झोपू लागली.

आनंदाच्या भरात महामायानं ते घरी सांगितलं. "पप्पा, खाला मला लेमन बाम पाजतात. मस्त झोप लागते."

दुसऱ्याच दिवशी साहेबराव पहिली गाडी पकडून दारात हजर.

"भाभी, तुम्ही माझ्या पोरीला बाम पाजून राहिल्या?"

"बाम न्हाई भाऊ. पाला हाय. बसा, दाखवते."

"नाव बाम हाय का न्हाई?"

"नाव बाम हाय, पण—"

"मग झालं की."

सालेहाबीनं कपाळाला हात लावला. त्यांना गच्चीवर नेऊन कुंडी दाखवली, पान चुरगाळून हातावर ठेवलं. साहेबरावांनी वास घेतला, पण चेहरा सैल झाला नाही.

"हे झोपेचं औषध हाय का?"

"चहा हाय. मन शांत होतं, एवढंच."

"परीक्षा तोंडावर हाय भाभी. मन शांत करून काय करायचं? आणि मला विचारलं का तुम्ही, द्यायच्या आधी?"

एवढं एकच वाक्य तो माणूस बरोबर बोलला होता आणि तेच सालेहाबीला जास्त झोंबलं. "विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आता तुम्हीच पिऊन बघा."

तिनं चहा करून दिला. साहेबरावांनी तो संशयानं, फुंकून फुंकून संपवला. महामाया शिकवणीहून यायची होती. ते खुर्चीत वाट बघत बसले. पहाटेचे उठलेले, गाडीत उभ्यानं आलेले, त्यात पंख्याचं वारं. थोड्या वेळात त्यांची मान छातीवर पडली आणि ते घोरू लागले.

सालेहाबी समोर उभी राहून बघत राहिली. आता हा माणूस उठल्यावर काय म्हणणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ते तसंच म्हणाले.

"बघितलं? एका कपात मला आडवं केलं. पोरीचं काय होत असंल?"

"भाऊ, तुम्ही दमला होता."

"मी दमत नसतो."

संध्याकाळी ते महामायाला घेऊन देवणीला गेले. दवाखान्यात दाखवतो म्हणाले. पोरगी जिन्यावरून उतरताना खालाकडं बघत होती. सालेहाबीनं भांडी इतक्या जोरात घासली, की वरून पोरी विचारायला आल्या, काय झालं. त्या आठवड्यात देगलूरची एक मुलगी खोली विचारायला आली, तर तिनं महामायाची खाट देऊन टाकली.

मग केवळाबाईंचा फोन आला.

"भाभी, पोरगी आली तशी झोपूनच हाय. जेवायला उठती, परत झोपती. आम्ही कायबी दिलं न्हाई. डॉक्टर म्हणले, हिला कुठलं औषध बाधलं न्हाई, झोप कमी पडली. लई दिवसाची."

"मी काय वेगळं सांगत होते?"

"मला म्हाईत हाय. पण ह्यांना तुमच्या तोंडून पटत न्हाई, माझ्याबी न्हाई. डॉक्टरच्या पटलं." मग म्हणाल्या, "ह्यांना बोलायचंय."

साहेबराव फोनवर आले. माफी वगैरे काही नाही. घसा खाकरून म्हणाले, "खोली हाय का अजून?"

"न्हाई. दिली."

"दिली? आम्ही भाडं भरलंय की."

"तुम्ही पोरगी घेऊन गेलात. मी काय खाट धरून बसू?"

मागून केवळाबाई काहीतरी बोलल्या. सालेहाबीला राग आवरत नव्हता, आणि ती पोरगी दुसऱ्या कुणाच्या घरी पुन्हा जागत बसेल, हेही डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"माझ्या खोलीत खाट टाकते," ती शेवटी म्हणाली. "पण ऐका. तुम्ही न्हाई म्हणत असाल तर चहा देणार न्हाई. झोपायची वेळ मात्र मी ठरवणार. आणि दोन वाजेपर्यंत वाच म्हणून तुमचा फोन आला, तर मी उचलणार."

"आणि काय सांगणार?"

"झोपलीय म्हणून सांगणार."

साहेबराव म्हणाले, "हाव, चालतंय. सोमवारी आणून सोडतो."