जबाबातला एक इंग्रजी शब्द

सातपूरच्या त्या कारखान्यात मॅनेजर साहेबांना जड इंग्रजीची भारी हौस. नाथाची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली, त्याचा जबाब तयार करतानाही ही हौस सुटली नाही. नाथाने चालू मशीनमध्ये 'नॉनशलंटली' हात घातला, असं त्यांनी ऑफिसातल्या शुभांगीला टाइप करायला लावलं. वर, नाथाची सही घेऊन ठेव, असं बजावलं.

शब्द शुभांगीच्या ओळखीचा नव्हता. तिने मोबाइलवर अर्थ पाहिला. बेफिकिरीने, कशाचंच काही वाटत नसल्यासारखं. खाली उदाहरण होतं: शेजारी घर पेटलं होतं आणि तो बेफिकिरीने चहा पीत होता.

नाथा आणि बेफिकीर? कामाची पाळी सुरू होताना मशीन पुसून मशीनच्याच पाया पडणारा माणूस तो, त्यावरून पोरं त्याची टर उडवायची. माल भराभर निघावा म्हणून साहेबांनी प्रेसची बोटं वाचवणारी जाळी काढायला लावली, तेव्हा ती परत बसवा म्हणून अर्ज देणाराही तोच. अर्ज शुभांगीनेच लिहून दिला होता. साहेबांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला, तेही तिने पाहिलं होतं. या एका शब्दाने नाथाची नोकरी जाणार, हे न कळायला ती काही खुळी नव्हती. पण पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं की नाही, हे साहेबांच्याच हातात होतं.

दुपारी नाथा हरसूलहून बसने आला, उजवा हात गळ्यात बांधलेला. तिने जबाब मराठीत सांगितला. तारीख, वेळ, मशीनचा नंबर, सगळं खरं. तो शब्द तेवढा गाळला. ओळींवरून फिरणारं नाथाच्या डाव्या हाताचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

"एवढा लांबलचक शब्द, ताई. हा काय हाय?"

शुभांगीने स्टेपलरमध्ये पिना भरायला घेतल्या. "काही नाही हो. नेहमीसारखं, असा अर्थ आहे," ती मान वर न करता म्हणाली. इतक्या सहज ते तोंडातून निघालं, की तिची तिलाच भीती वाटली.

नाथाचा चेहरा मोकळा झाला. "मंग बराबर हाय. रोजच्यासारखाच हात घातला व्हता मी. अर्ज बी तुम्हीच लिहिला व्हता. तुम्ही वाचलंय म्हणजे झालं."

त्याने पेन कपाळाला लावलं आणि डाव्या हाताने सही करायला घेतली. कागद टेबलावर सरकायला लागला.

"ताई, जरा धरता का?"

शुभांगीने स्टेपलर बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी कागद घट्ट धरला.