झोपवलेली पॅनेलं

मी एक तडकलेलं सोलर पॅनेल बोलतोय. व्याकरणाप्रमाणे 'बोलतंय' म्हणायला हवं. पण काचेला एवढे तडे गेल्यावर लिंगाची काळजी कोण करतो!

कारखान्यातून मी थेट एका मोठ्या कचेरीच्या गच्चीवर गेलो. पहिल्या दिवशी साहेबांनी फीत कापली, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. त्यानंतर माझ्या भेटीला फक्त कबुतरं आली. त्यांनी आपली मतं माझ्या तोंडावर स्पष्टपणे मांडली.

मग एका गारपिटीत आमच्यापैकी आठ जणांच्या काचा तडकल्या. आतलं सगळं शाबूत होतं, वीजही निघत होती; पण आम्ही निकामी ठरलो. कचेरीत कोणी एकदा निकामी ठरला, की त्याने काम करत राहणं हा शिस्तभंग असतो. आमची रवानगी भंगारात झाली.

तिथून आम्हाला उचललं मिस्त्रीने. मोडकी पॅनेलं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला होता. त्याची आई फुप्फुसांच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं एक यंत्र होतं, त्याच्या नळीवर तिचा श्वास. आणि वस्तीतली वीज भर दिवसा जायची, ती तासन्‌तास. मग ताई, म्हणजे मिस्त्रीची मोठी बहीण, पुठ्ठ्याने वारा घालत आईचे निळे पडणारे ओठ बघत बसायची.

"नवी पॅनेलं घ्यायची तर मला स्वतःला विकावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

"तुला घेतंय कोण? भंगारवालासुद्धा वजन करून परत पाठवेल," ताई म्हणाली.

मिस्त्रीने आम्हाला धुतलं, वाळवलं, तड्यांवर पारदर्शक राळ ओतून काच सांधली, पाठीवरच्या डबीतले जळके जोड बदलले. मीटरचा काटा हलला की तो आईला ऐकू जाईल असा ओरडायचा, "हेही जिवंत आहे गं!"

"तू आधी जेवून घे, नाहीतर तूच मरशील," आई म्हणायची.

आता आमची एक खोड सांगतो. आम्हाला बटण नसतं. तोंडावर ऊन पडलं की तारांत वीज आलीच. म्हणून तारांना हात लावण्याआधी आम्हाला पालथं घालतात, तोंड जमिनीकडे. मिस्त्रीच्या कारखान्यात याला 'झोपवणं' म्हणत. तो शब्द त्याच्या तोंडात इतका रुळला होता, की घरी तो फोड करून सांगावा लागेल हे त्याला सुचलंच नाही.

संध्याकाळी त्याने आम्हा आठही जणांना एका माळेत जोडून गच्चीच्या भिंतीला टेकवलं आणि तारांची दोन टोकं झरोक्यातून खाली आईच्या खोलीत सोडली. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा तो त्या तारा जोडायला खाली यंत्राच्या बॅटरीपाशी बसला होता. ताई वर होती.

"ताई, सगळी झोपव गं!"

ताईने आम्हाला झोपवलं. माणसं झोपतात तसं, उताणं. काचेला धक्का लागू नये म्हणून पाठीखाली जुनी गोधडीही घातली. एवढ्या मायेने आम्हाला आयुष्यात कोणी निजवलं नव्हतं.

"झोपवलीस का?"

"झोपवली रे बाबा, आता अंगाई म्हणू का?"

तो हसला. ते आम्ही वरून ऐकलं. मग त्याने तारांची उघडी टोकं हातात घेतली. आम्ही आठही जण आकाशाकडे तोंड करून पडलो होतो, आणि आम्हाला जे एकच काम येतं ते करत होतो.

आईने नळी ओढून काढून हाक मारली. ताई धावत खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी कारखान्यातला त्याचा जोडीदार आला आणि राहिलेलं काम पुरं करून गेला. निघताना म्हणाला, "त्याने पॅनेलं झोपवून घेतली नव्हती का हो?"

"झोपवणं म्हणजे?"

त्याने हाताचा पंजा हवेत पालथा करून दाखवला, तळवा जमिनीकडे. ताई त्या पंजाकडे बघत राहिली.

आता वीज गेली तरी यंत्र चालतं. आई रोज तेच म्हणते, "फोडून टाक ती मेली पॅनेलं. माझं पोर खाल्लं त्यांनी. त्यांच्या जिवावरचा श्वास नको मला."

"फोडते. आधी नळी लाव."

पंजाची गोष्ट ताईने आईला सांगितलेली नाही. दोष आमच्या माथी आहे. असू दे, कचेरीत राहून आलो आहोत, सवय आहे.

आज मात्र ताई खरोखरच हातोडी घेऊन वर आली आहे. माझ्यासमोर उभी आहे. वीज सकाळीच गेलेली, आणि खालून यंत्राची घरघर ऐकू येते आहे.

ताई, फोड. मी अडवणार नाही, आणि अडवूही शकत नाही. फक्त ऊन उतरल्यावर ये. आत्ता आई श्वास घेते आहे.