स्क्रूंची वाटी

दीड सूत... नाही, त्याहून बारीकच, आणि डोकं असं गुळगुळीत की आपल्या पेटीतल्या सगळ्या स्क्रूंची त्याला लाज वाटली — सुताराने ऑपरेशनचा तो स्क्रू चिमटीत धरून उजेडाकडे नेला, आटे मोजले, आणि मग न बघताच शेजारी बसलेल्या भिंगरीच्या डाव्या तळहातावर ठेवून दिला. तळहात तिथे होताच. पोरीच्या जन्मापासून, सात वर्षं, तो तसाच होता, कोपराखाली उताणा, कधीच न वळणारा.

"भोक आधी पाडून घेणार ना?" त्याने डॉक्टरबाईंना विचारलं. "थेट पिळला तर चिरतं. म्हणजे... लाकूड तरी चिरतं."

"पाडून घेतो," डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या. "हाड कापायचं, फिरवायचं, वर ही पट्टी आणि सहा स्क्रू. मग तळहात खाली बघेल. वही दाबून धरता येईल, बटणं लावता येतील."

"आणि वर?"

"वर नाही होणार. हात फिरवणारी ताकदच कमी आहे तिच्यात, त्यामुळे एकच बाजू मिळते. रोजच्या कामाला खालची बरी."

"आमच्या बाथरूमच्या दारासारखं नको म्हणजे झालं," बायको पुटपुटली. ते दार त्याने आठ वर्षांपूर्वी उलट्या अंगाला बसवलं होतं. उघडलं की कपाटावर आदळतं, आणि दर आदळण्यागणिक बायको एकदा त्याच्याकडे बघते; गावभराची दारं सरळ बसवणाऱ्या माणसाला घरात एवढी शिक्षा पुरे होती.

पण दार म्हटलं की त्याला आठवायचं ते दुसरंच — प्रसूतीच्या खोलीचं. खाली घासत होतं मेलं, आणि बाहेर बाकावर बसून तो मनातल्या मनात त्यावर रंधा मारत होता, एक पापुद्रा, अजून एक... तेव्हाच आत जन्मताना भिंगरीचा खांदा अडकला होता आणि मानेतल्या नसा ताणल्या जात होत्या. हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काय सांगणार? पोर अडकली होती तेव्हा मी दार सोडवत होतो म्हणून?

ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच करायचं होतं. आधी शाळा नवी होती, मग कामं अंगावर होती, मग उन्हाळ्यात प्लास्टरमध्ये खाज सुटते असं कुणीतरी सांगितलं. घाबरता तुम्ही, असं बायको म्हणायची. घाबरत तर होताच तो, पण... आता मनातल्या मनात खरं बोलायला काय हरकत आहे? रविवारी मी शिडीवर चढतो, हात खाली करतो, आणि खाली वाटी असते, तिच्या तळहाताची, स्क्रूंनी भरलेली, वर तोंड करून "बाबा, लांबडा देऊ की बुटका?" विचारणारी. ती वाटी मला हवी आहे. म्हणून काय पोरीचा हात असाच राहावा असं मला... छे, छे! पण झालं तर तसंच की. त्याचे कान तापले.

डॉक्टरबाईंनी संमतीचा कागद पुढे सरकवला. त्याने पेनचं टोपण काढलं, हात आपसूक भिंगरीच्या डाव्या तळहाताकडे गेला आणि मध्येच थबकला. महिन्याभराने इथे ठेवलेलं सगळं खाली पडणार. टोपण हवेतच राहिलं.

"अरे बाबा, ह्यात ठेव ना!" भिंगरीने उजवा हात पुढे केला, उताणा केला, पालथा केला, परत उताणा केला. "हा दोन्हीकडे होतो. तू कधी ह्यात ठेवतच नाहीस!"

सात वर्षं! अर्ध्या सुताची चूक लांबून ओळखणारा माणूस, आणि पोरीला दुसरा हात आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. बायकोला नेमका तेव्हाच खोकला आला.

"आणि हा पालथा झाला ना," भिंगरीने डावा जरा उचलला, "की मी फळी दाबून धरीन. तुझी फळी सारखी हलते."

त्याने टोपण तिच्या उजव्या हातावर ठेवलं. सही कुठे करायची ते डॉक्टरबाईंनी दोनदा बोट ठेवून दाखवलं. तो डाव्या तळहाताकडे बघत होता — एवढासा, घामेजलेला, मधोमध तो स्क्रू. स्क्रू काढून घ्यावा, त्यात दुसरं काही ठेवू नये, नुसता धरून बसावं, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. पण हातात पेन होतं, आणि सही बाकी होती.