चिठ्ठीची पोच

धम्मशीलाने नेटवर्कच्या सात थरांची नावं फळ्यावर लिहिली आणि वळून पाहिलं, तर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत होता. जानेफळच्या कॉलेजातली पक्की जागा या वीस मिनिटांच्या पाठावर अडकली होती. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून ती पार विटली होती. शेवटच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष गुलाबराव वही उघडून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

घरून पाठ करून आणलेली पुस्तकी भाषा तिने तिथेच सोडली.

“आपल्याकडे सोयरीक कशी जुळते? पोराचा बाप थेट पोरीच्या बापाले इचारते का?”

“नाही जी!” पूनम उठली. “बाप मामाले सांगते, मामा मध्यस्थाले. मंग तिकडं मध्यस्थ मामाले, अन् मामा बापाले.”

“मंग नेटवर्क तुमाले येतेच की!”

पोरं भराभर उभी राहिली. बाप झालेल्या पूनमने चिठ्ठी लिहिली, ‘पोरगी पसंत.’ मामाने ती पाकिटात घालून वर ‘मामास’ लिहिलं. मध्यस्थाने ते मोठ्या पाकिटात घालून गावाचं नाव टाकलं.

“मामाचं पाकीट तिकडच्या मामानंच फोडायचं, मध्यस्थाचं तिकडच्या मध्यस्थानं. चिठ्ठी पोचली की पोच द्यायची. पोच नाही आली, तर थोडं थांबून तीच चिठ्ठी पुन्हा धाडायची.”

मध्यस्थ हर्षलने वाटेतच आतलं पाकीट फोडलं.

“तू नाही वाचायचं बे!”

“मॅडम, आमच्याकडचा तर पह्यले वाचते, मंगच गाडीले किक मारते!”

वर्गात असा हशा पिकला, की धम्मशीलाच्या हातचा खडू पडला. अध्यक्षांसमोर आपल्या तोंडून ‘बे’ गेलं, हे ध्यानात आलं तेव्हा तिने जीभ चावली.

गुलाबराव उठून पुढे आले. त्यांनी वहीचं पान फाडून काही लिहिलं आणि घडी घालून पूनमला दिलं.

“हे धाडा. मॅडमपर्यंत.”

चिठ्ठी मामाकडे गेली, मामाकडून मध्यस्थाकडे. या खेपेला हर्षलने डोळे मिटून पाकीट नेलं आणि दोन बाकांना धडकला. पलीकडच्यांनी आपापली पाकिटं फोडली आणि चिठ्ठी धम्मशीलाच्या हातात पडली.

‘सोमवारी रुजू व्हाले या.’

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतली आणि या नादात पोच द्यायची राहूनच गेली.

गुलाबरावांनी थोडी वाट पाहिली. मग वहीतलं दुसरं पान फाडलं, तेच पुन्हा लिहिलं आणि पूनमच्या हातात ठेवलं.