पाइपला कान

"काय म्हणतोय पाइप?" दादाने वरून विचारलं.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात धाकट्याने पाइपला कान लावला होता. "थांब जरा, ऐकतोय," तो म्हणाला. पाइप काहीच म्हणत नव्हता. धाकट्याला फक्त दम खायचा होता.

दोघे भाऊ प्लंबर, पंचवीस वर्षं जोडीने काम केलेले. धाकट्याला लहानपणापासून जिना चढवत नसे. दादाने त्याचं नाव ऐदी पाडलं, वडिलांनी ते पक्कं केलं आणि बायकोला ते सासरी आयतंच मिळालं. शेवटी त्याने ही युक्ती काढली. दर मजल्यावर थांबायचं, पाइपला कान लावायचा, कपाळाला आठ्या घालायच्या. गिऱ्हाइकं म्हणत, याला गळती नुसती ऐकू येते. गंमत म्हणजे कान लावून लावून ती खरोखरच ऐकू यायला लागली.

त्या दिवशी मात्र खोकल्याबरोबर रक्त पडलं. दादा धडाधडा खाली आला आणि त्याने धाकट्याची पिशवी उचलली.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. "हृदयाकडून उजव्या फुप्फुसाला जाणारी मोठी रक्तवाहिनीच नाही तुम्हाला. जन्मापासून."

"म्हणजे लाइन टाकलीच नाही?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"मग शेहेचाळीस वर्षं चाललं कसं?"

"श्वासाचं सगळं काम एकट्या डाव्याने ओढलं. फार थोड्यांना असतं असं."

"आता काम बंद?" धाकट्याचा आवाज उतरला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

"काम करा. ओझं उचलू नका, जिना थांबत थांबत चढा. तपासायला येत राहा."

दादा फोटोकडे बघत राहिला. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, पण इथे कुणाला बोल लावायचा ते त्याला कळेना. "आम्ही याला ऐदी म्हणायचो," तो हळूच म्हणाला. वडील हे ऐकायला नाहीत, याचं धाकट्याला फार वाईट वाटलं.

महिन्याने चौथ्या मजल्यावरचं एक काम आलं. दोन्ही पिशव्या दादाच्या खांद्यावर होत्या. पहिल्याच मजल्यावर धाकटा सवयीने पाइपकडे वळला आणि थबकला. आता सोंग कशाला, म्हणून नुसताच कठड्याला टेकून धापा टाकत राहिला. वरून उतरणाऱ्या एक बाई त्याच्याकडे टक लावून बघू लागल्या.

दादाने पिशव्या खाली ठेवल्या, पाइपला कान लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय म्हणतोय?" धाकट्याने विचारलं.

"थांब जरा, ऐकतोय."

इमारतीचं पाणी त्याने मघाशीच, स्वतःच्या हाताने, खालून बंद केलं होतं.