वेगानंद महाराज आणि आबांच्या गालावरची खळी

मंगळवारी सकाळी आमच्या पंचवटीतल्या गल्लीत अशी झुंबड उडाली की भाजीवाल्यांनी मेथीच्या जुड्या डोक्यावर घेतल्या आणि रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायचा नाद सोडला. कुणी म्हणालं, मनोजच्या स्टुडिओत देव प्रकटलाय. कुणी म्हणालं, देव नाही हो, ग्राफिक्स कार्ड प्रकटलंय. ग्राफिक्स कार्ड कशाशी खातात हे गर्दीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. पण प्रकटलंय म्हटल्यावर त्यांनी चपला मात्र काढून ठेवल्या होत्या.

मी दातांचा डॉक्टर. मनोजच्या ‘मंगलक्षण’ फोटो स्टुडिओच्या बरोबर वर माझा दवाखाना आहे. खाली शंख वाजला आणि बाकावर कण्हत बसलेले माझे पेशंट दाढा धरून जिना उतरले. दाढदुखीचा विसर पाडणारा चमत्कार मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि साहजिकच माझं डोकं फिरलं. खुर्चीत उरल्या एकट्या वेदिका मॅडम. त्या पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतात. त्यांच्या हिरडीत मी नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलं होतं आणि तोंडात कापसाचे बोळे कोंबले होते.

“भूल चढेपर्यंत जरा खाली डोकावून येतो,” मी म्हणालो. म्हणेपर्यंत मॅडम माझ्या आधी जिन्यात.

स्टुडिओच्या काउंटरवर मनोजचा ऑल-इन-वन कॉम्प्युटर झेंडूचा हार घालून बसला होता. या कॉम्प्युटरला वेगळा डबा नसतो. पडद्याच्या पाठीतच सगळा संसार. काउंटरवर शोभतो म्हणून मनोजनं तो हौसेनं घेतला होता. पुढे लग्नाच्या शूटिंगसाठी नवा झकास कॅमेरा आला आणि त्याचे भलेमोठे व्हिडिओ या चपट्या गड्याला झेपेनात. एडिटिंगला बसलं की नवरी एका अंतरपाटाआड पाच मिनिटं अडकून पडायची. मनोज ग्राफिक्स वाढवून घ्यायला चार दुकानं फिरला. चारही दुकानदारांनी एकच सांगितलं, “याची ग्राफिक्सची चिप मुख्य बोर्डावरच डकवलेली असते. बदलता येत नाही, दुसरी बसवायला जागा नाही.” त्याची बायको सविता, जी खरं तर सगळं एडिटिंग करते, तीही तेच सांगत होती. पण ‘नाही’ म्हणणाऱ्या पाच शहाण्यांपेक्षा ‘हो’ म्हणणारा एक भामटा माणसाला गोड लागतो. तो भामटा म्हणजे भगव्या कफनीतले, कानात ब्लूटूथ घातलेले श्री वेगानंद महाराज.

“भक्तहो!” महाराज गरजले. “ग्राफिक्स म्हणजे काय? दृष्टी! देवानं तुम्हाला दृष्टी दिली, तेव्हा डोकं स्क्रू ड्रायव्हरनं उघडलं होतं का?”

“नाऽऽही!”

“मग या लेकराचं का उघडायचं? म्हणे जागा नाही! अरे, शक्तीला जागा लागते? वायफायला जागा लागते?”

“पॉइंट आहे,” माझ्या शेजारचा रिक्षावाला म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तोंड मिटलं, पण मान डोलावणं काही थांबवलं नाही.

महाराजांच्या मागे रांग होती. सातपूरपासून सिन्नरपर्यंतचे लग्नवाले फोटोग्राफर आपापले कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून, पोलिओच्या डोसाला आणलेल्या बाळांसारखे कडेवर घेऊन उभे होते.

महाराजांनी आधी ‘अज्ञान’ दाखवलं. बाजूच्या हार्ड डिस्कमधला एका लग्नाचा व्हिडिओ लावला. वरात अडखळली, थबकली, गोठली. गर्दी हळहळली. मग गळ्यातला लिंबाएवढा रुद्राक्ष काढला. त्याला पुढून पेनड्राइव्हची जीभ होती! तो खोचला, डोळे मिटले, “ॐ पिक्सेलाय नमः, ॐ रेंडराय नमः” असं पुटपुटले आणि पुन्हा तीच वरात लावली. वरात लोण्यासारखी सरकली! घोडा दौडला, संबळ घुमला, करवल्या गरागरा फिरल्या. शेवटी महाराजांनी कॉम्प्युटरच्या माहितीचं पान उघडलं. ग्राफिक्सच्या जागी कालपर्यंत साधंसुधं नाव होतं. आता तिथं लिहिलं होतं, ‘महाशक्ती वेगकार्ड’. टाळ्या, शिट्ट्या, एक नारळ तिथंच फुटला. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझेही हात टाळीसाठी वर गेले होते.

“काल दिवसभर पडद्याआड अनुष्ठान केलं तेव्हा कुठं ही शक्ती उतरली,” महाराज म्हणाले. “आता या डिस्कमध्ये जुना जड आत्मा उरलाय. त्याचं रामकुंडात विसर्जन. तो घरात राहिला तर शक्ती उलटते!”

मनोजनं ती हार्ड डिस्क कपाळाला लावून लाल फडक्यात नारळासोबत बांधली. महाराजांनी गाठोडं छातीशी धरलं आणि शंखवाल्याला पुढे घालून ते गर्दीतून निघालेसुद्धा. मनोजला वाटलं, बरंच झालं, जड आत्म्याची ब्याद गेली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मनोज! माझं म्हातारं दाखव आधी!”

चंद्रभागा आजी! सिन्नरजवळच्या खेड्यातून भाजीच्या जीपमधून थेट इथं उतरल्या होत्या. त्यांच्या नातीचं, पूजाचं लग्न मनोजनं शूट केलं होतं. त्या वरातीत आजींचे यजमान पुंजाआबा संबळापुढं नाचले होते, आणि पुढच्याच महिन्यात झोपेतच गेले. नाचणारे, हसणारे आबा आता फक्त त्या व्हिडिओत उरले होते. कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसली गेली होती. आजी रोज फोन करायच्या आणि मनोज रोज ‘कॉम्प्युटर चालत नाही’ सांगायचा. बुवाच्या नादी तो लागला तो याच धास्तीनं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

“आजी, योग्य वेळी आलात! बघा, कसं पळतंय,” म्हणत मनोजनं ऐटीत वरात लावली. आबा आले. फेटा, दोन्ही हात वर. आजींनी पदर तोंडाला लावला.

“जरा जवळ घे बाबा,” आजी म्हणाल्या.

मनोजनं चित्र मोठं केलं. आबांचा चेहरा पडदाभर झाला आणि त्याचं पिठलं झालं. नाक, मिशी, गाल सगळं एकमेकांत मिसळलेलं.

“हे कोण?” आजींनी विचारलं. “उजव्या गालावर खळी हाय त्यांच्या. हसले की पडते. कुठं गेली?”

महाराजांचा एक चेला मागे राहिला होता. तो हात जोडून म्हणाला, “माताजी, आत्मा सूक्ष्म झाला की खळी राहत नाही.”

“माझ्या नवऱ्याची खळी मला विचारल्याबिगर कशी जाईल रं?” आजी कडाडल्या.

त्याच वेळी वेदिका मॅडमनी माझी बाही धरली आणि कापसाच्या बोळ्यांतून काहीतरी बोलल्या. गर्दीला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण भरल्या तोंडाचं बोलणं समजणं हे आमच्या धंद्यातलं कौशल्य आहे. मी स्टुलावर चढलो आणि ओरडलो, “मॅडम म्हणतात, ही खरी वरात नाही! त्यानं काल पडद्याआड सगळ्या व्हिडिओंच्या, बारकावे गाळून, छोट्या, हलक्या प्रती बनवल्या. हलकं ओझं कुठलंही गाढव पळवतं! तुम्हाला आधी मूळ व्हिडिओ दाखवला आणि नंतर छोटी प्रत. खरे आबा त्या गाठोड्यात आहेत, आणि गाठोडं नदीकडे चाललंय!”

मनोजचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे देवा!” म्हणाला आणि जो धावत सुटला, त्याच्या मागं सविता, सवितामागं कासोटा खोवून आजी, मागं हातमोजे घातलेला मी, माझ्या मागं अर्धा जबडा बधिर झालेल्या मॅडम, आणि शेवटी कडेवर कॉम्प्युटर घेतलेले सातपूरचे फोटोग्राफर. रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूंना ही कसली दिंडी ते समजेना, पण त्यांनी भक्तिभावानं वाट दिली.

महाराजांनी मागे वळून पाहिलं, शक्ती उलटेल वगैरे विसरले आणि कफनी गुडघ्यापर्यंत उचलून भाजी बाजारात घुसले. तिथं मात्र त्यांचा हिशेब चुकला. त्या बाजारात आजींची वांगी वर्षानुवर्षं येतात.

“कलाबाई! धर त्या भगव्याला!” आजींनी हाक दिली.

कलाबाईंनी काही विचारलं नाही. फ्लॉवरची पाटी वाटेत लोटली, बस्स. महाराज गड्ड्यांवरून घसरले, शंखवाला महाराजांवर, आणि गाठोडं अलगद कोथिंबिरीच्या ढिगात. सवितानं झडप घालून ते उचललं आणि पोटाशी धरलं. तिथून चार पावलांवर नदीच्या पायऱ्या सुरू होतात.

वरात उलटी फिरून स्टुडिओत आली. या खेपेला महाराज मधोमध होते आणि त्यांचे दोन्ही दंड फोटोग्राफरांनी घट्ट धरले होते.

“पण नाव?” तो रिक्षावाला अजून अडून बसला होता. “महाशक्ती वेगकार्ड असं लिहून आलं त्याचं काय?”

मॅडमनी कीबोर्ड ओढला, कुठंशी शिरून काही टाइप केलं आणि माहितीचं पान पुन्हा उघडलं. ग्राफिक्सच्या नावासमोर आता झळकत होतं, ‘चंद्रभागा आजी’.

रिक्षावाल्यानं ते मोठ्यानं वाचलं.

“मी तर हितं उभी हाय!” आजी म्हणाल्या, आणि अख्ख्या स्टुडिओत हशा पिकला. रिक्षावाला तर बाकावर लोळला.

“पाटीवर नाव बदललं म्हणून आतला माणूस बदलत नाही,” मॅडम बोळ्यांतून म्हणाल्या आणि मी त्यांचं बोलणं सगळ्यांना पोचवलं. “रुद्राक्षात एवढंच काम करणारी एक छोटी फाइल आहे.” मग त्यांनी हार बाजूला सारून कॉम्प्युटर पाठमोरा केला. हवा जायच्या जाळीत खंडेनवमीच्या पूजेची हळद-कुंकवाची पुटं बसली होती, आणि वर रोजच्या उदबत्तीची काजळी. “यानं तो तापतो. तापला की स्वतःहून मंदावतो. पूजा करा, पण नाकात कुंकू भरू नका. ग्राफिक्सची ताकद हवी असेल तर जिथं वेगळं कार्ड बसतं असा मोठ्या डब्याचा कॉम्प्युटर घ्या. तोवर छोट्या प्रतींवर काम करा. सगळे चांगले एडिटर करतात, त्यात चमत्कार नाही. शेवटी मात्र फिल्म मूळ व्हिडिओवरूनच काढायची. हा बुवा तेच मूळ बुडवायला निघाला होता, कारण ते उरलं असतं तर कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं असतं!”

“मी पहिल्या दिवसापासून सांगत होते,” सविता म्हणाली. मनोजनं मान खाली घातली आणि म्हणाला, “आजी, चुकलं माझं.”

आजींचं लक्षच नव्हतं. सवितानं डिस्क जोडली होती आणि खरी वरात लावली होती. ती पहिल्यासारखीच अडखळली. आबांचा एक हात वर गेला आणि तिथंच थांबला. मग झटका, मग दुसरा हात. पाय हवेत, पुन्हा थांबले. सवितानं चेहरा जवळ घेतला. उजव्या गालावर खोल, स्वच्छ खळी.

“सॉरी आजी, अटकतंय,” मनोज पुटपुटला.

“अरं, आटकू दे!” आजी रडत रडत हसत होत्या. “ते आसंच नाचायचे! एक पाय उचलला की दुसरा कुठं ठेवायचा हे त्यांना कधी म्हणून आठवलं नाय!”

मला भरून आलं, आणि ते लपवायला मी मॅडमना वर चला म्हणालो. भूल केव्हाच उतरली होती; बिचाऱ्यांना दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. महाराज पोलिस चौकीत गेले. पूजाच्या लग्नाची फिल्म पंधरवड्यात तयार झाली, त्याच चपट्या कॉम्प्युटरवर, जाळ्या साफ करून.

वाचकहो, पुढचा बुवा रुद्राक्ष घेऊन येईल की आणखी काही, ते मला माहीत नाही. तो येणार, एवढं नक्की, आणि जे आपल्याला नीटसं कळत नाही तिथंच तो दुकान थाटणार. आपल्याला चिप कळत नसेल तर बिघडत नाही. कळणाऱ्याला विचारता येतं. आजींनाही कुठं कळत होती? त्यांना आपला माणूस ओळखता येत होता, आणि शंका आल्यावर त्या गर्दीपुढं गप्प बसल्या नाहीत. तेव्हा चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी, चप्पल काढण्याआधी, एकच म्हणा: जरा जवळ घे बाबा.