सूडु

टी. नगरात साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर डॉ. वेंकटरमण यांचं हॉर्मोन केंद्र आहे. खाली पदर निवडायचा, वर वय. माझी बायको कुमुदिनी वय निवडायला गेली नव्हती. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जायला लागलं होतं, आणि चेन्नईत नवे असल्यानं आम्हाला तेवढीच पाटी ठाऊक होती.

डॉक्टरांनी मान वर न करता निदान केलं. "एल्लाम सूडु, मॅडम."

"सूड?" कुमुदिनी ताठ झाली. "माझ्यावर? कोण उगवतंय?"

"अगं, तमिळमध्ये सूडु म्हणजे उष्णता," मी कुजबुजलो. "म्हणतायत, सगळी उष्णता आहे."

उष्णतेला तपासणी लागत नाही. कमरेत हॉर्मोनची बारीक कांडी बसवायची, की झोप, त्वचा, उत्साह सगळं परत. आजच बसवली तर फेशियल फुकट.

कुमुदिनीनं इंग्रजी काढलं. रागात ते तिला फार छान येतं.

"पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर आधी सोनोग्राफी. लागलं तर तुकडा काढून तपासायचा. कॅन्सर नाही ना, ते बघायचं. गाइडलाइन आहे, डॉक्टर."

"ती परदेशी बायकांसाठी, मॅडम. आपल्या बायका इडली खातात."

"म्हणून काय गर्भाशय वाफेवर चालतं?"

फेशियलचं कूपन माझ्या हातात होतं. ते फाडून ती जिना उतरली.

सरकारी इस्पितळात रांग होती, पंखा नव्हता, तपासणी मात्र होती. अहवाल बघून डॉ. जननी म्हणाल्या, "कॅन्सर नाही अजून. पण आतलं आवरण जाड झालंय, पेशी बिघडायला लागल्यात. त्यात ती कांडी बसवली असती, तर खतपाणीच झालं असतं. पिशवी काढून टाकू."

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं विचारलं, "'आधी स्कॅन' हे तमिळमध्ये कसं म्हणतात?"

"मुदल्ल स्कॅन."

ऑपरेशनची जखम भरल्यापासून कुमुदिनी दर सोमवारी थर्मास घेऊन वेंकटरमण यांच्या बाहेरच्या बाकावर बसते. येईल त्या बाईला रक्ताचं विचारते, "रत्तमा? मुदल्ल स्कॅन!" बायका आल्या पावली जिना उतरतात. खालच्या दुकानाची विक्री वाढलीय म्हणे.

काल डॉक्टर स्वतः बाहेर आले. "मॅडम, तुम्हाला नक्की झालंय तरी काय?"

थर्मासचं झाकण घट्ट करत ती म्हणाली, "एल्लाम सूड, डॉक्टर."

त्यांनी तिच्यासाठी ताक मागवलं.